बोक्याची भटकंती
इंदूरच्या रामबागेसारख्या जुन्या मराठी वस्तीत रात्रभर गच्च्या पालथ्या घालणारा बोका मुख्यतः माजावर आलेल्या मांजरीचा माग काढत असतो, आणि या ओढीमागे वृषणांत तयार होणारे टेस्टोस्टेरॉन हे नरसंप्रेरक असते. खच्चीकरणात, म्हणजे शस्त्रक्रियेने वृषणे काढून टाकण्यात, त्याचा मुख्य स्रोतच नाहीसा होतो. तरीही जडलेली सवय लगेच सुटेलच असे नाही. हार्ट आणि बॅरेट यांच्या १९७३ मधील अभ्यासात बहुतेक प्रौढ बोक्यांची भटकंती घटली, मात्र काहींची झपाट्याने, तर काहींची सावकाश. शेजारच्या ओट्यावर वाटीभर दूध मिळत असेल, तर खच्ची केलेला बोकाही तिथे जाणारच, हे मालक सोयीने विसरतात आणि शस्त्रक्रियेलाच बोल लावतात.