हरवलेले मेज

पत्रवाङ्मयाची चर्चा करताना पत्र लिहिणारा आणि ते ज्याला लिहिले तो, एवढ्या दोघांचा विचार आपण सामान्यतः पुरेसा मानतो. मायना आणि सही यांच्यामधली जागा त्या दोघांचीच आहे असे गृहीत धरायचे आणि मग आत्मीयता, आत्माविष्कार या संज्ञा निःशंकपणे वापरायच्या, असा आपला परिपाठ आहे. थॉमस जेफरसनचा मुली व नातवंडे यांच्याशी झालेला पत्रव्यवहार (बेट्स व बेअर यांनी संपादिलेला संग्रह १९६६ साली प्रसिद्ध झाला) वाचताना मला हे गृहीत उत्तरोत्तर अडचणीचे वाटू लागले.

या पत्रांचा मोह पडतो, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १७८३ साली अकरा वर्षांच्या मार्थाला बापाने दिवसाचे तासवार वेळापत्रक लिहून पाठवले; त्यात संगीत, नृत्य, चित्रकला, फ्रेंच यांच्या जोडीला पत्रलेखनालाही नेमून दिलेला वेळ आहे, आणि शुद्धलेखनाबद्दल ताकीदही. व्हर्जिनियातील सुशिक्षित जमीनदारवर्गात पत्र हे निरोपाचे साधन तर होतेच, पण त्याहून अधिक ते घडणीचे आणि कुलीनतेच्या परीक्षेचे साधन होते. शिवाय ते महागही होते. १८१६ च्या दरानुसार चारशे मैलांपलीकडे एका कागदाला पंचवीस सेंट पडत, आणि हा भार बहुधा पत्र घेणाऱ्यावर येई. (माजी राष्ट्राध्यक्ष म्हणून जेफरसनला टपालमाफी होती, आजोबांच्या सविस्तरपणाचे थोडे श्रेय तिलाही द्यावे लागेल.)

माझे लक्ष खिळते ते १८२५ सालावर. २७ मे रोजी माँटिसेलो येथे नात एलेन रँडॉल्फ हिचा बोस्टनच्या जोसेफ कूलिजशी विवाह झाला आणि ती उत्तरेस गेली. १ ऑगस्टला तिने आजोबांना न्यू इंग्लंडच्या भरभराटीचे वर्णन लिहिले. दक्षिणेला अशी भरभराट लाभणे कठीण, कारण गुलामगिरीचे दुखणे तिचे अंतःकरण पोखरीत आहे, असे तिने त्यात स्पष्टच म्हटले. २७ ऑगस्टच्या उत्तरात जेफरसन तिच्याशी सहमत होतो. पण नातीने जिचे नाव घेतले ती गोष्ट आजोबांच्या वाक्यात निसर्गाच्या देणग्यांना विद्रूप करणारा एक डाग होऊन येते. रोग म्हटले की रोगी कोण आणि उपाय कोणता, हे प्रश्न उभे राहतात. डागाला कर्ता लागत नाही. हा फरक केवळ शैलीचा आहे असे म्हणून मला पुढे जाता येत नाही.

एलेनचे सामान समुद्रमार्गे निघाले होते आणि ते बुडाले. त्यात तिची लहानपणापासूनची पत्रे व टिपणे होती, आणि जॉन हेमिंग्जने तिच्यासाठी घडवलेले लिहिण्याचे मेजही होते. हेमिंग्ज हा माँटिसेलोचा कुशल सुतार, जेफरसनचा गुलाम. रँडॉल्फांची मुले त्याला ‘डॅडी’ म्हणत. १४ नोव्हेंबरच्या पत्रात जेफरसन त्याच्या शोकाचे वर्णन करतो आणि महाकाव्य आगीत गमावलेल्या व्हर्जिलशी त्याची तुलना करतो. पुन्हा तसे मेज करशील का, असे विचारल्यावर हेमिंग्जने नकार दिला. दृष्टी अधू झाली होती आणि मेजाचे तपशीलही नीट आठवत नव्हते. तेव्हा भरपाई म्हणून जेफरसनने नातजावयाला आपली लेखनपेटी पाठवली. स्वातंत्र्याचा जाहीरनामा जिच्यावर लिहिला गेला, तीच ही १७७६ सालची पेटी.

व्हर्जिलची उपमा उदार आहे, आणि तिच्यात किंचित विनोदही आहे. हेमिंग्जला ती कवीच्या पंक्तीला बसवते. परंतु त्याचे बोलणे आपल्यापर्यंत मालकाच्या वाक्यांतूनच पोहोचते. या संग्रहापुरते पाहिले तर तो पत्रांचा विषय आहे, मेजाचा कर्ता आहे, पत्रलेखक नाही.

वस्तुतः तो पत्रे लिहीत असे. जेफरसनच्या उत्तराच्या दुसऱ्याच दिवशी, २८ ऑगस्ट १८२५ रोजी, पॉप्लर फॉरेस्टच्या घराचे काम करीत असताना त्याने एलेनची अकरा वर्षांची बहीण सेप्टिमिया हिला पत्र लिहिले. तिने आपणहून आपल्याला लिहिले आणि आजोबांची प्रकृती कळवली याचा आनंद त्यात आहे, कामाची खबर आहे. शुद्धलेखन सदोष आहे; मार्थाच्या परीक्षेत ते पत्र नापास झाले असते. पण कुशल विचारणे, पोच देणे, परतण्याची आशा व्यक्त करणे, ही कौटुंबिक पत्राची सारी लक्षणे त्यात आहेत. मग ‘कौटुंबिक पत्रे’ या वर्गातून ते वगळले जाते ते कोणत्या निकषावर? आपल्या गुलामांची गणना करतानाही जेफरसन कुटुंब हाच शब्द वापरी.

नात्याचाच निकष लावला तर गुंता वाढतो. सॅली हेमिंग्ज ही जॉनची बहीण. तिचे मुलगे मॅडिसन आणि एस्टन या मामाच्या हाताखाली सुतारकाम शिकले. त्यांचा पिता जेफरसन नव्हता, असे एलेनने १८५८ साली नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आग्रहाने मांडले आणि बोट दाखवले ते जेफरसनच्या कार आडनावाच्या भाच्यांकडे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तपासणीत एस्टनच्या वंशजाचा मेळ कार घराण्याशी बसला नाही. जेफरसन घराण्याच्या पुरुषवंशाशी बसला. माँटिसेलोच्या प्रतिष्ठाननेही २००० साली जेफरसनच्या पितृत्वाची दाट शक्यता मान्य केली. हा निष्कर्ष स्वीकारूनच मी ही पत्रे वाचतो. तो स्वीकारला की मॅडिसन व एस्टन हे एलेनचे सावत्र मामा ठरतात, आणि तिचे मेज तिच्या मामांच्या मामाने केलेले असते. आपल्या भाषेत या नात्यांना चटकन शब्द सापडतात. त्या पत्रव्यवहारात त्यांना मायना सापडत नाही.

जेफरसनच्या मृत्युपत्राने हेमिंग्जला त्याच्या हत्यारांसह मुक्त केले, तेही मृत्यूनंतर एक वर्षाने. दरम्यान, जानेवारी १८२७ मध्ये, माँटिसेलो येथे एकशेतीस गुलाम लिलावाला काढले गेले. लेखनपेटी १८८० साली कूलिज कुटुंबाने राष्ट्राला अर्पण केली. ती वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. हेमिंग्जचे पत्र सेप्टिमियाच्या घरच्या कागदपत्रांत राहिले.