न्यायासन आणि भीड

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचें नांव निघालें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें मुंबईचें हायकोर्ट व पुण्याच्या सभा उभ्या राहतात. आम्हां कोल्हापूरकरांस मात्र ते आमच्या गांवचे वाटतात. निफाडास १८४२ सालीं जन्मलेल्या माधवरावांचें बालपण इकडेच गेलें. वडील गोविंदराव संस्थानच्या नोकरींत होते. पुढें १८६८ सालीं, थोडे दिवस कां होईना, माधवराव याच गांवीं न्यायाधीश होऊन आले.

आपल्या माणसांत बसून न्याय करणें किती अवघड, हें ज्या घरांत कोणी न्यायखात्यांत असेल त्यांसच ठाऊक. आमचे आजोबा मुन्सफ होते. दारीं आंब्यांची करंडी आली, कीं आम्हां मुलांस आनंद होण्याआधींच आजी विचारी, "कोणाकडची? त्यांचा दावा चालू आहे का?" करंडी परत जाई. पाठविणारा पुष्कळदां आमचाच सोयरा असे; तो पुढें लग्नकार्यांत चारचौघांसमक्ष टोमणे मारी. एकत्र कुटुंबांत भीड राखणें हा गुण. न्यायासनावर तोच दोष ठरतो.

माधवरावांची वाट तर याहून खडतर होती. १८७१ सालीं ते पुण्यास सबजज्ज झाले. सार्वजनिक सभेशीं असलेल्या संबंधामुळें सरकारची त्यांच्यावर वक्रदृष्टि होती. १८७८ सालीं नाशिकास व १८७९ सालीं धुळ्यास बदली झाली. धुळ्यास तर त्यांचीं पत्रें फोडून पाहिलीं जात. तरी त्यांनीं सभा सोडली नाहीं कीं नोकरींत कसूर केली नाहीं. न्यायमूर्ति तेलंगांच्या निधनानंतर १८९३ सालीं त्यांस हायकोर्टाची जागा मिळाली. मध्यें बावीस वर्षें गेलीं होतीं!

परंतु सरकारच्या रोषास न भिणारा हा पुरुष घरीं मात्र भिडेस बळी पडला. विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या माधवरावांनीं पहिली पत्नी वारल्यावर, १८७३ सालीं, वडिलांच्या आग्रहास्तव अकरा वर्षांच्या मुलीशीं लग्न केलें. लोकांनीं बोल लावला, तो खोटा नव्हता. त्याच मुलीस त्यांनीं शिकविलें व तिच्यांतून सेवासदनच्या रमाबाई घडल्या, हेंहि खरें. पण उत्तम परिणामानें पहिला दोष धुऊन निघतो, असें आम्हांस वाटत नाहीं. दोष गोविंदरावांचाहि होता. मुलाचें मन जाणून त्यांनीं शब्द टाकावयासच नको होता.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचें सर्किट बेंच कोल्हापुरांत बसूं लागलें. आसपासच्या सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांचा मुंबईचा हेलपाटा वांचला. आमच्या पुतणीनेंहि नुकतीच वकिलीची सनद घेतली आहे. उद्यां ती, किंवा आपल्यांपैकीं कोणाची मुलगी, न्यायासनावर बसेल. त्या दिवशीं घरच्यांनीं तिचा अभिमान जरूर बाळगावा. पण तिच्याकडे कोणाचें काम घेऊन जाऊं नये. न्यायाधीश निःस्पृह हवा म्हणतां, तर आधीं त्याचें घर तसें हवें.