वर्धा ते माजरी : कोळशाची वाट आणि आपल्या लेकी

वर्ध्याहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीत बसले की हिंगणघाटपर्यंत दोन्ही बाजूंना पऱ्हाटी दिसते. पण ही रेल्वे मुळात टाकली गेली ती कोळशासाठी. इंग्रज सरकारने १८७० च्या दशकात वरोऱ्याला खाण सुरू केली आणि तिथला कोळसा आणण्यासाठी वर्ध्यापासून हा फाटा काढला. ती खाण १९०६ मध्ये बंद पडली. आज वरोरा ओलांडून माजरीला आलो की मातीचे उंच ढिगारे आणि कोळशाने भरलेल्या वाघिणी दिसतात. नाव आपल्या नदीचे, वर्धा खोरे. खाणी मात्र मुख्यतः चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत.

या वाटेने जाताना आम्हाला एक प्रश्न पडतो. पाळीवर निघालेल्या कामगारांत बाया इतक्या कमी का?

पूर्वी असे नव्हते. देशातल्या कोळसा खाणींत नवरा कोळसा खोदी आणि बायको टोपलीत भरून वाही. १९३७ मध्ये बायांना जमिनीखाली काम करण्यास बंदी झाली. महायुद्धात कोळसा कमी पडला, तेव्हा १९४३ मध्ये ती तात्पुरती उठली. त्या वेळी बाबासाहेब मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबादकडच्या खाणी स्वतः जाऊन पाहिल्या. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात ठणकावून सांगितले, की खाणीत उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल. समान कामाला समान दाम! १९४५ मध्ये खाणकामगार बायांच्या बाळंतपणाच्या कायद्यातही सुधारणा झाली. १९४६ मध्ये बंदी परत आली आणि १९५२ च्या खाण कायद्याने ती कायम केली.

बंदीमागे काळजी होती, हे खरे. पण तिची किंमत बाईनेच मोजली. जमिनीखालचा अनुभव नाही म्हणून व्यवस्थापकाचे प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून बढती नाही. पुढे यंत्रे आली आणि टोपलीचे कामही गेले. कोल इंडियाच्या कंपन्यांत तर आईने स्वेच्छानिवृत्ती घेतली की तिच्या जागी मुलाला नोकरी, अशीही योजना आली. बाईची जागा अशी पुरुषाची झाली.

जानेवारी २०१९ मध्ये हे दार किलकिले झाले. बाईच्या लेखी संमतीने खाणीवर रात्रपाळी आणि जमिनीखाली तांत्रिक व देखरेखीची कामे तिला खुली झाली. २०२१ मध्ये झारखंडच्या चुरी खाणीत आकांक्षा कुमारी रुजू झाल्या. कोल इंडियाच्या भूमिगत खाणीतल्या त्या पहिल्या स्त्री खाण अभियंता. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेनेही सर्व प्रकारच्या कामांत बाईचा हक्क मान्य केला आहे.

कायदा बदलला, आता घराने बदलायचे आहे. खाणीत जमीन गेली की नोकरीसाठी नाव कोणाचे द्यायचे, हे घरातच ठरते. बाप गेला तर त्याच्या जागी कोणी लागायचे, तेही घरातच ठरते. तिथे लेकीचे नाव निघते का? खाण अभियांत्रिकी शिकवणारी संस्था आपल्या नागपुरातच आहे. लेक हुशार असेल तर तिला तिथे पाठवा. आणि खाणीवर स्वच्छ संडास, पाळणाघर आणि रात्री सुरक्षित गाडी मिळावी म्हणून युनियनच्या बैठकीत बायांनी स्वतः बोलावे. समान दामाचा शब्द बाबासाहेबांनी १९४४ मध्येच दिला होता. तो खरा करणे आपल्या हाती आहे.