शून्येतर

बोलीकोशाच्या सूचीतून इंग्रजी आकड्यांतले पृष्ठांक वेगळे काढणारा सी-प्रोग्रॅम एका विद्यार्थ्याने लिहून दिला. चाचणी लिहिण्याची हौस आम्हा मराठीच्या प्राध्यापकांची. अंक असल्यास 'इजडिजिट'चे उत्तर १ च आले पाहिजे, अशी अट आम्ही घातली. चाचणी फसली. आम्ही त्या मुलालाच बोललो. मग उत्तर छापून पाहिले, तर आमच्या लिनक्सवर २०४८! सीमध्ये शून्य तेवढे असत्य, शून्येतर सारे सत्य. १९९९च्या प्रमाणकाने 'बूल' आणले, तरी हे जुने फंक्शन पूर्णांकच परत करते आणि तो १ असेल, असे वचन देत नाही. (मराठीतला होकार तरी कुठे एकाच शब्दाचा असतो?) 'शून्य नसावे' एवढीच अट ठेवली, चाचणी निभावली. मुलाला फोन करायला मात्र आम्हांला दोन दिवस लागले.