रोज येणारी बालसखी

आम्हां नगरकर कॅथॉलिक कुटुंबांना शाळेचे मोल कोणी सांगावे लागत नाही. आमचे आजोबा वळण, केंदळ अशा गावांच्या मिशन शाळांत पाटी धरावयास शिकले. त्यांची मुले बोर्डिंगात राहून मास्तर, नर्स, कारकून झाली. आणि आम्ही नातवंडे सावेडीत घरे बांधून आपली मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पाठवू लागलो. हा तीन पिढ्यांचा प्रवास अभिमानाचा आहे. परंतु ह्या वाटेवर नगरपालिकेच्या, २००३ पासून महापालिकेच्या, मराठी शाळेशी असलेला आमचा संबंध तुटला. आमच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंची मुले तेथे शिकतात, बांधकामावरील मजुरांची शिकतात. त्या शाळेचे बरेवाईट झाले, तरी आमच्या घरातले पानही हलत नाही.

कायद्यानेही आम्हांस मोकळे सोडले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे खाजगी शाळांनी पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवावयाच्या. अल्पसंख्याकांच्या शाळांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने त्यातून सूट मिळाली. (ह्या सुटीचा पुनर्विचार व्हावा, असे त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २०२५ मध्ये म्हटले, तो भाग निराळा.) अल्पसंख्याकांचे हक्क जपलेच पाहिजेत, असे आम्ही मानतो. पण सूट मिळाली म्हणून शेजारचे मूल दिसेनासे होत नाही.

शहरातील शाळा सुधारण्यासाठी वस्ती, शाळा आणि विद्यापीठ यांनी हातात हात घालावेत, असे परिसंवादांतून नेहमी ऐकू येते. अशा परिसंवादांना आम्हीही बसलो आहोत. चहा उत्तम असतो. पुढे वर्गात काय बदलले, हे मात्र पुढच्या परिसंवादातही कळत नाही. मुंबईत ही गोष्ट खरोखर घडली, म्हणून ती थोडी जवळून पाहू.

१९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले, ते आरंभी नाना चौकातील महापालिकेच्या शाळेत. डॉ. व्ही. जी. कुलकर्णी यांच्यासारखे भौतिकशास्त्रज्ञ पालिकेच्या वर्गांतून काम करू लागले, आणि एक साधी गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. मुलांना विज्ञानाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, पुस्तकातील भाषेचे ओझे होत होते. भाषा सोपी केली की तीच मुले पुढे सरकत.

पुढे १९९५ साली ‘प्रथम’ ही संस्था उभी राहिली. डॉ. माधव चव्हाण मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात शिकवीत होते. फरीदा लांबे निर्मला निकेतन ह्या समाजकार्य महाविद्यालयात. हे महाविद्यालय धर्मभगिनींनी काढलेले, हे येथे मुद्दाम सांगतो. युनिसेफ आणि महापालिका सोबत होत्या. स्वतंत्र इमारतींची वाट न पाहता मिळेल त्या जागेत, कोणाच्या घरात, देवळात, समाजमंदिरात बालवाड्या भरू लागल्या.

ह्याच कामातून ‘बालसखी’ पुढे आली. बालसखी म्हणजे त्याच वस्तीत राहणारी, शालान्त शिक्षण झालेली तरुणी. वर्षारंभी सुमारे दोन आठवडे प्रशिक्षण, आणि महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन. तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले ती रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसे आणि पहिली-दुसरीत राहून गेलेले वाचन व अंकगणित त्यांच्याकडून करून घेई. २००१ ते २००३ या काळात मुंबई व बडोदे येथील पालिका शाळांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम मोजून पाहिले. मुलांचे गुण वाढले. दुसऱ्या वर्षीची वाढ पहिल्या वर्षाच्या सुमारे दुप्पट होती. सर्वाधिक लाभ झाला तो सर्वांत मागच्या मुलांना. आम्हांस विशेष वाटले ते पुढेच. बालसखीकडे गेलेल्या मुलांमुळे मूळ वर्ग लहान झाला, पण तेथे उरलेल्या मुलांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे केवळ गर्दी कमी झाल्याने काही साधले नव्हते. मूल जेथे अडले होते, तेथे रोज कोणी तरी जाऊन बसले होते. (बॅनर्जी व डफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ती बालसखी आज कोठे असेल, असे आमच्या मनात येते.)

नगरला हे सारे परके नाही. सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी येथेच पाहिली आणि १८४८ साली पुण्यात आपली शाळा काढली. १९४७ साली डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर महाविद्यालय स्थापन केले. समाजकार्याचे शिक्षण देणारी त्याची संस्थाही येथेच आहे. विद्यार्थी आहेत, आणि १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजनाही आहे. तीत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवा करावयाची. रोज दोन तास धरले तर ते १२० दिवस होतात, अर्ध्याहून अधिक शालेय वर्ष! प्रत्यक्षात हे तास भिंती रंगविण्यात, फेऱ्या काढण्यात विखुरतात, आणि सात दिवसांचे शिबिर तेवढे लक्षात राहते. दोष विद्यार्थ्यांचा नाही. एका शाळेशी, एका वर्गाशी त्यांची गाठ कोणी घालून देत नाही.

ती गाठ आमच्या धर्मग्रामाला घालता येईल. बारावी होऊन घरी बसलेल्या मुली आमच्यात आहेत. आठवड्यातून सहा दिवस दुपारी रिकामे राहणारे सभागृहही आहे. मानधन आज पाचशे रुपयांत भागणार नाही, हे खरे; पण सणाच्या रोषणाईचा हिशेब आम्ही दरवर्षी वाचतो.

एक अडचण मात्र आधीच समजून घ्यावी. बालसखीचे काम थांबल्यावर वर्षभराने पुन्हा मोजणी झाली, तेव्हा मिळवलेल्यातील बराचसा भाग ओसरला होता. तेव्हा एका वर्षाच्या उत्साहावर हे काम काढू नये. निदान तीन वर्षांचे पैसे आणि माणसे हाताशी धरूनच आरंभ करावा. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. त्याआधी मुख्याध्यापकांना भेटून, तिसरीतील किती मुलांना साधा परिच्छेद वाचता येत नाही, एवढेच विचारावयाचे आहे. आकडा त्यांच्यापाशी नसेल, तर तो मोजण्यापासूनच सुरुवात होईल.