तटस्थ

'तटस्थ' हा शब्द आपण कितीदा तरी वापरतो. परंतु त्याचा मूळ अर्थ आम्हां किनाऱ्यावरच्या माणसांना जितका चटकन उमगतो, तितका इतरांना क्वचितच उमगत असेल. तट म्हणजे किनारा आणि तटस्थ म्हणजे किनाऱ्यावर उभा असलेला. पाण्यात उतरलेल्या माणसाला लाट नेईल तिकडे जावे लागते. किनाऱ्यावर उभा असलेल्याला मात्र भरती कोठवर आली आणि ओहोटी कोठून लागली, हे दोन्ही दिसते. क्रिकेटच्या मैदानावर यष्ट्यांमागे उभा राहणारा पंच हा असाच किनाऱ्यावरचा मनुष्य आहे.

'पंच' हा शब्दही आपल्या जुन्या ओळखीचा. गावात तंटा झाला की पाच जाणती माणसे एकत्र बसत आणि त्यांचा निवाडा सारे शिरोधार्य मानीत. 'पाचामुखी परमेश्वर' असे आपण म्हणतो ते उगीच नव्हे. क्रिकेटच्या मैदानावर मात्र पाच नव्हे, दोनच पंच असतात. आणि निर्णयाच्या क्षणी तर त्यांतला एकच. गावच्या पंचांना विचार करावयास सारी रात्र मिळे. याला तेवढी उसंत कोठली? वेगवान गोलंदाजाच्या हातून सुटलेला चेंडू सुमारे अर्ध्या सेकंदात फलंदाजापाशी पोहोचतो. तेवढ्यात गोलंदाजाचा पुढचा पाय रेषेपलीकडे तर पडला नाही ना, हे पाहावयाचे. लगेच दृष्टी उचलून चेंडूचा टप्पा कोठे पडला, तो पायाला कोठे लागला आणि पाय आड नसता तर यष्टीवर गेला असता की नाही, हे ठरवावयाचे. शंका उरली तर तिचा लाभ फलंदाजाला! शिवाय समोरच्या संघाने दाद मागितल्याखेरीज कोणालाही बाद देण्याचा अधिकार पंचाला नाही. कसोटी सामन्यात दिवसाला ९० षटके, म्हणजे ५४० चेंडू टाकले जातात. त्यांतील शेवटचा चेंडूही पहिल्याइतक्याच एकाग्रतेने पाहणे, ही एक तपश्चर्याच होय.

अशा तपस्व्यांपैकी एक होते पिलू रिपोर्टर. १९३८ साली मुंबईच्या एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९८४ पासून ते आंतरराष्ट्रीय सामन्यांत पंच म्हणून उभे राहू लागले. १४ कसोटी आणि २२ एकदिवसीय सामन्यांत त्यांनी हे काम केले. १९९२ च्या विश्वचषक स्पर्धेतही ते पंच होते. चौकार दाखवण्याची त्यांची लकब इतकी निराळी होती, की प्रेक्षक तीही कौतुकाने पाहत. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. परंतु त्यांचे नाव इतिहासात राहील ते निराळ्याच कारणाने.

त्या काळी यजमान देशाचेच पंच सामन्यात उभे राहत. त्यामुळे पाहुणा संघ हरला, की पंचांनी पक्षपात केला, अशी कुजबुज हटकून होई. १९८६ साली वेस्ट इंडीजचा बलाढ्य संघ पाकिस्तानात आला होता. पाकिस्तानचे कर्णधार इम्रान खान यांनी आग्रह धरला, की पंच बाहेरच्या देशांतून बोलवावेत. आपल्या विजयावर संशयाची सावली पडू नये. त्याप्रमाणे लाहोरच्या कसोटीसाठी बोलावणे गेले ते कोणाला? भारताच्या पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी यांना! ज्या दोन देशांत युद्धे झाली, त्यांतील एकाने दुसऱ्याच्या माणसांवर न्यायाचा भार सोपवावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. यजमानांनी आपले पंच बाजूला ठेवून परदेशचे पंच बोलावल्याचा आधुनिक कसोटी क्रिकेटमधील हा पहिला प्रसंग.

मालिकेतील पहिली कसोटी पाकिस्तानने जिंकली होती. लाहोरला मात्र त्यांचा संघ पहिल्या डावात १३१ आणि दुसऱ्या डावात ७७ धावांत बाद झाला आणि एक डाव व १० धावांनी हरला. ज्याने तटस्थ पंच मागितले, त्याच्याच पदरी पराभव आला. पण पुढे काय घडले पाहा. कराचीच्या तिसऱ्या कसोटीतही रिपोर्टर आणि रामस्वामी हेच पंच होते! पराभवाने विश्वास ढळला नाही. पुढे १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक आणि २००२ पासून दोन्ही पंच तटस्थ देशांचे असावेत, असा प्रघात पडला. २०२० च्या महामारीत तो काही काळ थांबवावा लागला, एवढेच.

परदेशात तटस्थ राहणे कठीण खरे; पण आपल्या माणसांत तटस्थ राहणे त्याहून कठीण. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना त्यांच्या तोंडावर दोषी ठरवणाऱ्या रामशास्त्री प्रभुण्यांना आपण आजही मान देतो, तो याचसाठी. ओहोटीच्या वेळी मालवणच्या वाळूवर मुलांचे सामने रंगतात, तेव्हा फलंदाजी करणाऱ्या संघातलाच एखादा मुलगा पंच होतो. माझ्या शाळेच्या मुलांचा एकदा शेजारच्या गावाशी असाच सामना चालला होता. विजयाला तीन धावा हव्या होत्या. आमचा अखेरचा फलंदाज धावताना वीतभर अंतराने चुकला. पंच होता त्याचाच धाकटा भाऊ. त्याने बोट वर केले. थोरला ओरडला, "रे, तू आमचो मां?" सारी मुले पंचाकडे पाहू लागली. त्याचे डोळे भरून आले होते. पण बोट खाली आले नाही. त्या संध्याकाळी त्याच्याशी कोणी बोलले नाही. पुढल्या वर्षी मात्र शेजारच्या गावची मुले आली तीच मुळी विचारीत, "गेल्या वर्षीचाच पंच आहे ना?"

आता मैदानाभोवती चित्रयंत्रे आली आहेत. १९९२ साली डर्बनच्या कसोटीत चित्रफीत पाहून सचिन तेंडुलकरला धावचीत ठरवण्यात आले. तसा बाद झालेला तो पहिला फलंदाज. आज खेळाडू पंचाच्या निर्णयाविरुद्ध फेरविचार मागू शकतात. यामुळे पंचाचे महत्त्व कमी झाले, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. निर्णय चुकला असे दिसले, की पंच हजारो लोकांसमोर दोन्ही हात फुलीसारखे खांद्यांवर ठेवतो आणि आपलाच शब्द मागे घेतो. दोन संघांत तटस्थ राहावे, आपला देश आणि परका देश यांत तटस्थ राहावे, हे तर खरेच. परंतु स्वतःच्या मताविषयीही तटस्थ राहावे, ही त्यापुढची पायरी होय.

ही पायरी चढण्यास कोणालाच मज्जाव नाही. जानेवारी २०२३ मध्ये आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या गोव्यात, पर्वरी येथे, नवी मुंबईच्या वृंदा राठी रणजी करंडकाच्या सामन्यात पंच म्हणून उभ्या राहिल्या. त्याच वेळी अन्य ठिकाणच्या सामन्यांतही दोन महिला पंच उभ्या होत्या. रणजी स्पर्धेत महिला पंच प्रथमच दिसल्या त्या या वेळी.

मुलांनो, पंचाच्या नावे धावा लिहिल्या जात नाहीत, की बळी मोजले जात नाहीत. सामना संपला, की लोक विजयी वीराला खांद्यावर घेतात आणि पंच मुकाट्याने यष्ट्यांवरच्या विट्या उचलून निघून जातो. पण दोन्ही संघ पुन्हा त्याच मैदानावर एकमेकांशी खेळावयास येतात, ते त्याच्या भरवशावर.