क्राकूव कोणत्या क्रमाने पाहावे?

प्रवासाची मार्गदर्शक पुस्तके काय पाहावे ते सांगतात. गावातला जाणता माणूस ते कोणत्या क्रमाने पाहावे हे सांगतो. क्रम बदलला की अर्थ बदलतो, हे आपण साहित्याच्या वर्गात नेहमीच शिकवत असतो. २०२३च्या सप्टेंबरमध्ये पोलंडमधील क्राकूव या शहरात चार दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी असाच एक क्रम मला आखून दिला.

त्यांची पहिली सूचना अशी : आधी बाहेरून फेरी मारा. जुन्या शहराची तटबंदी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाडली गेली आणि तिच्या जागी 'प्लांती' नावाचा झाडांचा पट्टा उभा राहिला. फ्लोरियन दरवाजा, त्यापुढचा बुरूज आणि तटाचा थोडासा भाग एवढेच आज उरले आहे. आपल्याकडे आधी दर्शन आणि मग प्रदक्षिणा. येथे नेमके उलटे. सुमारे चार किलोमीटरांच्या या वाटेवर यागेलोनियन विद्यापीठाची लाल विटांची एक इमारत लागते. विद्यापीठ १३६४ सालचे. कोपर्निकस येथलाच विद्यार्थी. ६ नोव्हेंबर १९३९ रोजी जर्मनांनी व्याख्यानाच्या निमित्ताने प्राध्यापकांना या इमारतीत बोलावले आणि १८०हून अधिक जणांना अटक केली. त्यांतील बहुतेकांची रवानगी छळछावणीत झाली. "तुम्ही शिकवता ना? मग इथे जरा थांबा," एवढेच बाई म्हणाल्या होत्या. मी थांबलो. तास सुरू होण्यापूर्वीची विद्यार्थ्यांची लगबग चालू होती.

दुसरी सूचना : मुख्य चौकात तासाच्या ठोक्याला पोहोचा. १२५७ साली आखलेला हा चौक प्रत्येक बाजूने सुमारे दोनशे मीटरांचा आहे. मधोमध कापडबाजाराची लांबलचक इमारत आणि एका कोपऱ्यात सेंट मेरीचे चर्च. त्याच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते. वाजवणारा अग्निशमन दलाचा कर्मचारी असतो. चारही दिशांना तीच धून वाजते आणि प्रत्येक वेळी मध्येच तुटते. १२४१च्या तातार स्वारीत, धोक्याचा इशारा देणाऱ्या वादकाच्या गळ्यात बाण घुसला आणि सूर तिथेच थांबला, अशी कथा प्रत्येक पर्यटकाला ऐकवली जाते.

बाईंनी मात्र या कथेचा दुसरा पदर उलगडला. धून जुनी आहे; तिचा उल्लेख १३९२पासून सापडतो. बाणाची गोष्ट मात्र सर्वत्र पसरली ती एरिक केली या अमेरिकन लेखकाने १९२८ साली मुलांसाठी लिहिलेल्या कादंबरीमुळे, असे अभ्यासक मानतात. शहराने ती आपलीशी केली. एका कादंबरीने शहराला स्मृती पुरवावी, याचे साहित्याच्या शिक्षकाला कौतुक वाटणे स्वाभाविकच होते. त्यावर त्या म्हणाल्या, "गोष्ट सुंदर आहे. म्हणूनच त्याच दिवशी नदीपलीकडे जा."

ही तिसरी सूचना. चौकातून दक्षिणेकडे चालत गेले की काझिमिएझ हा जुना ज्यू मोहल्ला लागतो. तेथल्या रेमू दफनभूमीची एक भिंत फुटलेल्या थडग्यांच्या तुकड्यांनी रचली आहे. पुढे पादचारी पुलाने विस्तुला नदी ओलांडली की पोडगूझे. युद्धापूर्वी शहरात ६०,०००हून अधिक ज्यू राहत होते, म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांश वस्ती. मार्च १९४१मध्ये जर्मनांनी पोडगूझेत घेटो उभारला आणि मार्च १९४३मध्ये तो रिकामा केला. तेथल्या चौकात २००५पासून धातूच्या मोठ्या रिकाम्या खुर्च्या ओळीने उभ्या आहेत. हद्दपार केलेल्यांचे सामानसुमान याच चौकात पडून राहिले होते, त्याची ही आठवण. कोपऱ्यावरचे औषधांचे दुकान आता संग्रहालय आहे. तादेउश पान्कीएविच हा ज्यू नसलेला पोलिश माणूस घेटोच्या काळात ते चालवत होता. पुढे त्याने जे पाहिले ते लिहून ठेवले.

शेवटची सूचना व्यावहारिक वाटेल, पण तशी ती नव्हे. प्रवासी कंपन्या आउश्वित्झ आणि व्येलिच्काची मिठाची खाण एकाच दिवसात दाखवतात. तसे करू नका, असे त्यांनी बजावले. सकाळी छळछावणी आणि दुपारी मिठाची झुंबरे, हा क्रम दोन्हींवर अन्याय करतो. आउश्वित्झनंतर संध्याकाळ मोकळी ठेवा.

या क्रमामागचा विचार हळूहळू ध्यानात आला. एका वादकाच्या मृत्यूला कथा लाभते, कारण त्याला चेहरा, क्षण आणि सूर देता येतो. हजारोंच्या मृत्यूला असा सूर सापडत नाही; तेथे रिकामी खुर्ची ठेवावी लागते. चौकातल्या तुटलेल्या धुनीने हळहळायला शिकवले, एवढ्यावर कोणी परत फिरला तर त्याने शहराचे साहित्य वाचले, इतिहास वगळला. आणि नुसत्याच खुर्च्या पाहिल्या, तर त्या बोलक्या होण्यासाठी लागणारे कान कदाचित तयार झालेले नसतील. दंतकथेपासून दस्तऐवजापर्यंतचे अंतर क्राकूवमध्ये पायी तोडता येते. ते त्याच दिशेने आणि एकाच दिवसात तोडावे, एवढाच त्या बाईंचा आग्रह होता.